पहिल्या सुराआधीची शांतता

१

ताईनं बटण दाबलं आणि तो थोर अल्बम उलटा वाजायला लागला.

उलटा म्हणजे अगदी शब्दशः. ढोलाचा घुमारा आधी यायचा आणि थाप नंतर पडायची. सॅक्सोफोन तर असा वाजत होता, जणू सर्दी झालेला माणूस भर सभेत नाक वर ओढतोय.

"अहाहा," कोचावर डोळे मिटून बसलेले सोनकान म्हणाले. "ही खरी टेपची ऊब. कॉम्प्युटरला सात जन्मांत जमणार नाही."

"सर, उलटं वाजतंय ते," टाचणी म्हणाली.

सोनकानांनी डोळे उघडले नाहीत. "कळतंय मला. मी उबेबद्दल बोलतोय."

सोनकान हे संगीताचे मोठे समीक्षक. हे नाव त्यांना टाचणीनंच ठेवलं होतं, आणि तो आपला गौरव आहे असं समजून ते त्यांनी आनंदानं स्वीकारलं होतं. टाचणी सोळा वर्षांची. टोचते म्हणून टाचणी. शाळेला सुट्टी होती, मामाची रेकॉर्ड कंपनी होती, आणि कंपनी म्हणजे तरी काय, तीन खोल्या, एक जिना आणि मामाचं टेन्शन. तिथं ती हक्कानं पडीक असायची.

ताई म्हणजे कोरणारी ताई. टेपवरचा आवाज लाखेच्या काळ्या तबकडीवर बारीक सुईनं कोरायचा, हे तिचं काम. त्या तबकडीवरून साचे होतात आणि साच्यांतून दुकानातल्या रेकॉर्डी निघतात. आज ती पहिली तबकडी कोरणार होती. तिनं मशीन थांबवलं, रीळ काढून पालटलं, टेप पुन्हा ओवली आणि पुन्हा बटण दाबलं.

आता वाजलं सरळ. थोडी शांतता, आणि मग इलेक्ट्रिक पियानोचा पहिला सूर.

"थांब," मामा म्हणाला. "आधीचं बोलणं कुठंय?"

ताईनं टेपची सुरुवात हातभर बाहेर ओढून दिव्याखाली धरली. पांढरी कोरी पट्टी आणि तपकिरी टेप यांच्यामध्ये एक नवाकोरा, चकचकीत जोड होता.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "कुणीतरी कापलंय."

दारापाशी मोठी मावशी काखेत पर्स धरून उभी होती. तिनं पर्स उघडली, आत उगाच काहीतरी शोधलं आणि बंद केली. त्या कापलेल्या तुकड्यावर तिचं सगळं आयुष्य होतं.

२

अल्बमचं नाव 'निळी लिफ्ट'. जॅझ-फंक फ्यूजन. मावशी तरुण होती तेव्हाचा. ज्यांना नाचता येत नाही अशा लोकांनी मान हलवत ऐकायचं संगीत, अशी टाचणीची व्याख्या होती. पण एकदा तिनं तो नीट ऐकला आणि तिच्या पायांनी तिची गद्दारी केली. त्यातला पियानो तर असा, की कुणीतरी जिन्यावरून घरंगळत खाली येतंय आणि एकही पायरी चुकत नाहीये.

रेकॉर्डच्या पाकिटावर लिहिलं होतं: सॅक्सोफोन, पियानो, रचना, संयोजन – कप्तान. लिफ्टही त्यांनीच चालवली हे छापायचं बहुधा जागेअभावी राहून गेलं. चित्रात लिफ्टच्या दारात कप्तान, म्हणजे बँडचे प्रमुख, उभे होते, आणि उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर दिसत होतं.

ते कोपर मावशीचं. पियानोही तिचाच. बँडमध्ये सगळे तिला गोटी म्हणायचे. पाकिटावर तिच्या वाट्याला आलं ते एवढंच: बिननावाचं कोपर.

पुढं ती चष्म्याच्या दुकानात लोकांकडून लहान लहान अक्षरं वाचून घेत राहिली. कधीतरी सासरी सांगायला गेली, तर दीर म्हणाले, "वहिनी, कोपर छान आलंय हं." त्यानंतर तिनं सांगणं सोडून दिलं.

मामानं हा अल्बम पुन्हा काढायचा घाट घातला तो बहिणीसाठीच. पण हक्क कप्तानांचे. ते मोठेपणानं म्हणाले होते, "पुरावा दाखवा, नाव छापू. नाहीतर जुनंच पाकीट." पाकीट आज संध्याकाळी छपाईला जाणार होतं.

आणि परवा पुरावा सापडला होता. कप्तानांच्या माळ्यावरून आलेलं मूळ रीळ ताईनं सगळ्यांसमोर लावलं, तर पहिल्या सुराआधी स्टुडिओतली गडबड. खुर्च्या सरकल्या. मग तरुण कप्तानांचा आवाज: "मी नुसता उभा राहतो. पियानो तुझा. पहिला सूर तूच धर, गोटी." मग शांतता. मग तो सूर.

"सरावाच्या वेळचं बोलणं आहे ते," कप्तान लगेच म्हणाले होते. "नंतर बसलो मीच."

"मध्ये जोड नाही," ताई म्हणाली होती. "बोलणं, शांतता, सूर. एकच अखंड टेप आहे."

यावर कप्तानांनी काळा चष्मा नाकावर नीट बसवला होता. खोलीत. ट्यूबलाइटखाली.

आता तुम्ही म्हणाल, कुणी मोबाइलवर का नाही घेतलं? कारण कंपनीचं ब्रीद. कॉम्प्युटरचा स्पर्श नाही, सगळं टेपवरून थेट तबकडीवर. मोबाइल तर बाहेरच्या ट्रेमध्ये टाकायचे. तारांत गुणगुण येते म्हणे. शुद्धतेच्या हट्टापायी जगात त्या बोलण्याची एकच प्रत होती, आणि ती आता बहुधा कुठल्या तरी गटारात होती.

मामाच्या टेबलावरचा फोन वाजला. छापखाना. "पाच वाजता पाठवा," एवढं ऐकून मामानं तो ठेवला आणि पेनाचं टोपण चावायला घेतलं.

"मामा, चावू नकोस," टाचणी म्हणाली. "मी बघते."

३

काल दुपारी ताई कोऱ्या तबकड्या आणायला गेली होती. किल्ली नेहमीसारखी दाराजवळच्या खिळ्यावर. कप्तान, सोनकान आणि मामा, तिघंही त्या वेळी येऊन-जाऊन होते. मावशी दुकानात होती.

कप्तान जिन्याजवळ कॉफी पीत होते. पीत होते म्हणजे दोन्ही हातांनी कप धरून तोंडापर्यंत नेत होते, आणि तरी निम्मी कॉफी मफलरला मिळत होती.

"काल दुपारी तुम्ही काय करत होतात?" टाचणीनं विचारलं.

"फोटो काढून घेत होतो. अल्बमच्या जाहिरातीसाठी."

"लिफ्टमध्ये?"

"अर्थात लिफ्टमध्ये."

"आणि पियानो खरंच तुम्ही वाजवला होतात?"

कप्तान तिच्याकडे पाहून हसले. ते हसू त्यांनी अनेक मुलाखतींत वापरलं असावं, कडा झिजल्या होत्या. "बाळ, त्या खोलीत मी वारा होतो. कुठलं पान तू हलवलंस, असं वाऱ्याला कुणी विचारतं का?"

ना 'हो', ना 'नाही'. एवढं बोलून काहीच न सांगायला फार वर्षांची साधना लागते, हे टाचणीला मान्य करावं लागलं.

सोनकान आतल्या खोलीत आपला लेख तपासत होते. रेकॉर्डच्या पाकिटात जायचा तो लेख. स्वतःच्याच एखाद्या वाक्याला मान डोलावून दाद देत होते.

"ऐक," ते म्हणाले. टाचणीनं विचारलं नव्हतं. "'पहिल्या सुराआधी जी शांतता आहे, ती या अल्बमचा प्राण आहे. तिला हात लावू नका. तिच्यात सगळं काही आहे. ज्याला कान आहेत, त्याला ते ऐकू येईल.' कसं आहे?"

"शांततेबद्दल बरंच बोललात, सर."

"तुमच्या पिढीला शांतता म्हणजे चार्जिंग संपलेलं वाटतं. आम्ही संगीतासाठी हात काळे केलेत. माझ्या घरी आजही स्पूलचं मशीन आहे. तुटलेल्या टेपा मी ब्लेडनं कापून जोडायचो."

"आणि परवाचं ते बोलणं? गेलं त्याचं वाईट वाटलं?"

"कचरा गेला. कलाकृतीनं तोंड उघडायची गरज नसते." त्यांनी चष्मा पुसला. "शिवाय मी कप्तानांच्या डाव्या हातावर अख्खं पुस्तक लिहिलंय. पियानोवरचा डावा हात. तुझ्या मावशीचा आदर आहे मला, पण हात कुणाचा हे मला ऐकूनच कळतं."

राहिला मामा. त्याला टाचणीनं मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. "मामा, काल तू म्हणालास, ते बोलणं सापडलंच नसतं तर डोक्याचा ताप वाचला असता."

"म्हणालो." मामाच्या ओठाला पेनाची शाई लागली होती. "म्हणून मी कापीन? माझ्या बहिणीचं? तू मला असं विचारतेस?"

"सगळ्यांना विचारतेय."

"मग ठीक आहे," मामा म्हणाला, पण त्याला ते ठीक वाटलं नव्हतं. तिलाही नाही.

ती ताईच्या खोलीत परतली आणि बंद मशीनकडे बघत बसली. सगळे एकच विचारत होते, काय गेलं, कुणी नेलं. टेप उलटी का वाजली, हे कुणीच विचारत नव्हतं.

आणि मग तिला या खोलीतला आपला पहिला दिवस आठवला, आणि मामानं घातलेल्या शिव्या.

४

त्या पहिल्या दिवशी टाचणीनं एक रीळ ऐकून झाल्यावर शहाण्या मुलीसारखं पुन्हा सुरुवातीपर्यंत गुंडाळून ठेवलं होतं. मामा भडकला होता. "ही काय भाड्यानं आणलेली व्हिडिओ कॅसेट आहे? रीळ शेवट बाहेर ठेवून ठेवायचं, कळलं?"

का, ते ताईनं समजावलं होतं. रिळावर टेपचे फेरे एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षं पडून राहतात. वहीत दाबून लिहिलं की मागच्या पानावर वळ उठतात, तसा एका फेऱ्याचा आवाज शेजारच्या फेऱ्यावर पुसट उमटतो. सुरुवात बाहेर ठेवली तर ती सावली सुराच्या आधी ऐकू येते, गाणं सुरू होण्याआधीच गाण्याचं भूत. शेवट बाहेर ठेवला तर सावली सुराच्या मागं पडते आणि सुरातच झाकली जाते. म्हणून धंद्यातली माणसं रीळ कधी गुंडाळून ठेवत नाहीत. लावायच्या वेळी गुंडाळतात. ताईनं आजही नेहमीप्रमाणे लावण्याआधी गुंडाळलं. पण ते आधीच कुणीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा गुंडाळल्यावर शेवट पुढं आला आणि उलटं वाजलं.

टाचणीनं ताईकडून एक टाकाऊ रीळ मागून घेतलं. मग एकेकाला बोलावलं. "यात एक आवाज आहे, ओळखा. ऐकून झालं की रीळ डब्यात ठेवून या, प्लीज." ती आणि ताई काचेपलीकडे बसल्या.

कप्तानांनी टेपचं टोक हातात घेतलं. बोटं अशी थरथरत होती की टोक मशीनच्या आसपासही पोचेना. "अरे, हे लावायला कुणी आहे की नाही?" ते ओरडले. लहानपणापासून सगळं कुणीतरी लावूनच दिलेला माणूस.

मामानं पटकन ओवलं, ऐकलं, शेवट बाहेर असलेलं रीळ तसंच उचलून डब्यात टाकलं आणि घड्याळाकडे बघत बाहेर गेला. टाचणीचा श्वास तेव्हा कुठं मोकळा झाला.

सोनकानांनी टेप झोकात ओवली. डोळे मिटून ऐकली. मग अख्खं रीळ सुरुवातीपर्यंत गुंडाळलं, डब्यात ठेवलं आणि डब्याला लहान मुलासारखं थोपटलं.

"गुंडाळून ठेवलंत होय, सर?" टाचणीनं दारातून विचारलं.

"सभ्य माणूस ऐकून झाल्यावर रीळ नेहमी गुंडाळून ठेवतो," सोनकान म्हणाले. "लिहून ठेव."

"ठेवलं," टाचणी म्हणाली.

५

सगळे जमल्यावर तिनं सांगितलं. वर्गात निबंध वाचताना येते तशी मजा येत होती तिला, ती लपवायचा तिनं फारसा प्रयत्न केला नाही.

"ज्यानं टेप कापली त्याला ओवता येतं, कापता-जोडता येतं. म्हणून कप्तान बाद. त्यांना कपही धरता येत नाही. पण त्यालाच रीळ कसं ठेवतात हे माहीत नाही. म्हणून ताई बाद, मामा बाद. जन्मभर टेपवर प्रवचनं देऊन धंद्यातली पहिली गोष्ट न कळलेला माणूस या इमारतीत एकच आहे. सर, अख्खं पुस्तक डाव्या हातावर, आणि हातच दुसऱ्याचा निघाला, नाही का?"

सोनकानांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा समीक्षकाचा. "चांगल्या सवयीला गुन्हा म्हणतात इथं?"

"तुकडा कुठं आहे?" मामानं विचारलं.

"कुठला तुकडा?" सोनकान म्हणाले.

कप्तान हसायला लागले. "छान. पोरगी हुशार आहे. पण पुरावा गेला तो गेलाच, नाही का? कुणी कापला यानं मला काय फरक पडतो? जुनं पाकीट पाठवा."

त्याच क्षणी छापखान्याचा फोन आला. मामानं तो हातात धरला, कानाला लावला नाही. मावशीकडे बघितलं.

"जाऊ दे, टाचणे," मावशी म्हणाली. "आपल्याला माहीत आहे ना. पुरे."

ते 'पुरे' टाचणीला अजिबात पुरेना. इतकी वर्षं ही बाई 'पुरे' म्हणत आली होती, आणि समोरचे दोघं खुर्चीत सैल होऊन बसले होते, एक मफलरमध्ये, एक आपल्या लेखात.

लेखात. टाचणीची नजर त्या कागदावर गेली आणि तिथंच अडकली.

"ताई," ती हळूच म्हणाली. "ती शांतता अजून आहे ना? कापताना सरांनी शांतता ठेवली आहे ना?"

"आहे की. सूर यायच्या आधीची सगळी आहे."

"ठेवणारच. प्राण आहे तो अल्बमचा." टाचणी उठून मशीनपाशी गेली. "मग रिळावर त्या शांततेच्या खाली कुठला फेरा होता? इतकी वर्षं?"

ताईनं तिच्याकडे बघितलं. तिनं टेप ओवली आणि आवाजाची खुंटी पार शेवटपर्यंत फिरवली. कर्ण्यांतून वाळू ओतल्यासारखी खरखर यायला लागली. तिचं बोट खुंटीवरच होतं, सूर आला की लगेच खाली आणायला.

खरखर. खरखर. आणि तिच्या तळाशी, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा, एक तरुण पुरुषी आवाज.

"...तूच धर, गोटी."

मग पियानोचा सूर.

ताईनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सोनकानांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. ही शांतता त्यांनी आयुष्यभर ऐकली होती, निदान लिहिलं तरी तसंच होतं.

६

कप्तानांनी काळा चष्मा काढला. आतले डोळे अगदी साधे होते, कुठल्याही म्हाताऱ्याचे असतात तसे.

"माझाच आवाज," ते म्हणाले. "पहिल्यांदा एकानं विचारलं, पियानोही तुम्हीच का? मी नुसता हसलो. मग दरवेळी हसावंच लागलं. गोटी, तुला खरं सांगतो—"

"नको सांगू," मावशी म्हणाली. "हसत राहा. जमतं तुला ते."

मामानं छापखान्याला फोन लावला आणि नवं पाकीट येतंय म्हणून सांगितलं. पाकिटाच्या नमुन्यावर पियानोसमोर मावशीचं नाव, आडनावासकट, कप्तानांच्या नावाच्याच जाडीच्या अक्षरांत. मावशीनं ते दोनदा वाचलं. दुकानात गिऱ्हाइकाकडून वाचून घेते तशी, एकेका अक्षरावर बोट ठेवून.

"आणि कोपर?" टाचणीनं विचारलं.

"असू दे. आता ओळखीचं झालंय."

सोनकान एव्हाना निघून गेले होते. तब्येत बरी नाही म्हणाले. जाताना ट्रेमधला दुसऱ्याच कुणाचा तरी मोबाइल घेऊन गेले.

ताईनं लाखेची तबकडी चढवली. "त्या शांततेच्या जागी कोरी टेप लावू? कुणाला काही ऐकू येणार नाही. स्वच्छ होईल."

मावशीनं टाचणीकडे बघितलं. टाचणीनं मावशीकडे.

"राहू दे," मावशी म्हणाली. "सगळ्या प्रतींवर राहू दे."

सुई खाली आली आणि काळ्या लाखेतून केसासारखा बारीक धागा निघायला लागला.

मामानं सोनकानांचा लेख उचलला आणि टोपलीकडे निघाला. टाचणीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. लाल पेन घेतलं. पहिलं पान खोडलं, दुसरं खोडलं, डाव्या हातावरची सगळी वाक्यं खोडली. एकच परिच्छेद ठेवला. पहिल्या सुराआधी जी शांतता आहे, तिच्यात सगळं काही आहे. ज्याला कान आहेत, त्याला ते ऐकू येईल.

खाली सोनकानांचं नाव तसंच ठेवलं. जाड अक्षरांत. ज्याचं श्रेय त्याला मिळायलाच हवं.